फ्रँचायझी मेळाव्याला निघालाय? कोल्हापूरच्या नवख्यांसाठी पायरीपायरीनं माहिती

राजारामपुरीत किंवा ताराबाई पार्कात एखाद्या ब्रँडचा नवा फलक लागला की आठवड्याभरात मला कुणीतरी विचारतंच, "याची फ्रँचायझी कुठं मिळते हो?" मी स्वतः फ्रँचायझीचं दुकान चालवतो. मेळावे, सेमिनार, सत्कार समारंभ यांत खुर्चीत बसूनही पाहिलंय आणि स्टॉलसमोर उभं राहूनही पाहिलंय. विचारणाऱ्यांत बहुतेक पोरं पंचवीस-तिशीतली असतात आणि बरोबर वडिलांचे निवृत्तीचे पैसे असतात. म्हणून हे सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. मेळाव्यात ब्रँडवाले बोलावणार आणि माहितीपत्रक देणारच. तुम्ही जायचं ते आधीच दुकान चालवणाऱ्या माणसांना गाठायला. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं मांडल्यात.

१. निघण्याआधी घरी आकडे मांडा

हातात रोख किती, कर्ज किती झेपेल, आणि दुकानातून एक रुपया आला नाही तर घर किती महिने चालेल, हे वहीत लिहा. घरातल्यांसमोर बसून लिहा. नंतर पैसे कमी पडले की त्यांच्याकडेच जावं लागतं.

माहितीपत्रकात ठळक छापलेली असते ती फ्रँचायझी फी. तो एकूण खर्चाचा एक तुकडा झाला. त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे पाच लाखांची फी प्रत्यक्षात पाच लाख नव्वद हजारांना पडते. शिवाय गाळ्याचं डिपॉझिट, फर्निचर, मशिनरी, वीजजोडणीचा भार वाढवणं, पहिला माल, कामगारांचे पहिले काही पगार हे सगळं वेगळंच.

खाण्यापिण्याच्या धंद्यात अजून एक बाब आहे, ती स्टॉलवर सहसा कुणी सांगत नाही. साधं रेस्टॉरंट ग्राहकाकडून ५ टक्के जीएसटी घेतं, पण त्याला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी वळता करून घ्यायची सवलत, मिळत नाही. फी, रॉयल्टी (ब्रँडचं नाव वापरल्याबद्दल कंपनीला नियमित द्यायची रक्कम), इंटिरिअर यांवर भरलेला जीएसटी परत वळता होत नाही, तो थेट खर्चात जातो. "जीएसटी काय, क्रेडिट मिळतं की" असं कुणी म्हणालं तर तुमच्या धंद्याला ते लागू आहे का, हे सीएला विचारूनच पुढं जा.

२. कुठल्या मेळाव्याला जायचं ते ठरवा

मेळावे साधारण तीन तऱ्हेचे. दिल्ली-मुंबईत भरणारी मोठी प्रदर्शनं, जिथं चहापासून प्ले-स्कूलपर्यंत आणि पॅथॉलॉजी लॅबपासून सलूनपर्यंत सगळे एका छताखाली सापडतात. दुसरे एकाच कंपनीचे, हॉटेलच्या हॉलमध्ये, चहा-नाश्त्यासकट. तिसरे आपल्याच गावातले व्यापारी आणि उद्योजक संघटनांचे कार्यक्रम.

नवख्यानं आधी मोठ्या प्रदर्शनाला जावं, असं माझं मत आहे. तिथं एकाच धंद्यातले चार ब्रँड शेजारीशेजारी उभे असतात. एकानं सांगितलेलं मार्जिन दुसऱ्याला विचारून लगेच पडताळता येतं. हॉटेलच्या हॉलमध्ये तुलनेला दुसरं कुणीच नसतं आणि दार बंद करून घाई केली जाते.

गावातल्या कार्यक्रमांना मात्र कमी लेखू नका. कोल्हापूर चेंबर ऑफ कॉमर्स असो, उद्यमनगरातली इंजिनिअरिंग असोसिएशन असो, गोकुळ शिरगाव आणि शिरोलीच्या उद्योजकांच्या संघटना असोत, तिथं फ्रँचायझीचा स्टॉल नसेलही. पण कुठल्या रस्त्यावर गाळ्याचं भाडं किती, कुठली बँक किती दिवसांत फाइल हलवते, चांगला फ्रिजवाला मिस्त्री कोण, हे तिथल्या माणसांना माहीत असतं. दुकान शेवटी कोल्हापुरातच उघडायचंय.

३. बरोबर काय न्यायचं

* ओळखपत्र, आणि ऑनलाइन नोंदणी केली असेल तर तिची छापील प्रत
* पॅन आणि आधारच्या प्रती, पण पिशवीतच ठेवायच्या (कारण सातव्या पायरीत)
* साधी वही. स्टॉलवाल्याचं उत्तर त्याच्यासमोर लिहून घेतलं की तो आकडे जपून सांगतो
* तुमच्या मनातल्या दोन-तीन जागांची माहिती: चौरस फूट, भाडं, रस्त्याकडेची रुंदी, समोरून काढलेले फोटो, सकाळ-संध्याकाळची वर्दळ
* व्हिजिटिंग कार्ड नसलं तरी चालतं. नाव-नंबर लिहिलेल्या चिठ्ठ्या पुरतात
* घरातलं किंवा मित्रांतलं एक जण, ज्याला पटकन मोह होत नाही असं

उद्यम नोंदणी (लहान धंद्यांची सरकारी नोंदणी) अजून केली नसेल तर निवांत करा. ती सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर मोफत होते. त्यासाठी हजार-दोन हजार मागणाऱ्यांना काही द्यायचं कारण नाही.

४. प्रवास आणि वेळ

मुंबईचं प्रदर्शन असेल तर रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची. गोरेगावच्या नेस्को मैदानात असेल तर दादरला उतरून पश्चिम रेल्वेची धीमी लोकल धरा आणि राम मंदिर किंवा गोरेगावला उतरा. दोन दिवसांचं प्रदर्शन असेल तर पहिल्या दिवशी सकाळी दार उघडताना आत शिरा. तेव्हा स्टॉलवर खुद्द कंपनीची माणसं असतात आणि बोलायला सवड असते. दुपारनंतर गर्दी वाढते आणि समोर येतात ते कमिशनवर काम करणारे दलाल. "तुम्ही कंपनीचे की कन्सल्टंट?" हा प्रश्न नमस्कार झाल्याझाल्या विचारा.

५. स्टॉलवर काय विचारायचं

"इन्व्हेस्टमेंट किती आणि परतावा किती महिन्यांत?" हा प्रश्न सगळेच विचारतात, त्याचं उत्तर पाठ केलेलं असतं. खाली दिलेल्या प्रश्नांना खरी उत्तरं द्यावी लागतात.

*रॉयल्टी विक्रीवर की नफ्यावर?* बहुतेक ठिकाणी ती विक्रीवर असते. महिन्याची विक्री चार लाख आणि रॉयल्टी सहा टक्के धरा. चोवीस हजार रुपये झाले, वर १८ टक्के जीएसटी ४,३२० रुपये. जाहिरात निधी म्हणून आणखी दोन टक्के असेल तर त्याचे आठ हजार आणि जीएसटी १,४४० रुपये. एकूण ३७,७६० रुपये महिन्याला गेले, दुकान तोट्यात असलं तरी. काही ठिकाणी वर किमान रक्कमही बांधलेली असते, विक्री कितीही पडली तरी तेवढे द्यायचेच.

*रॉयल्टी नाही म्हणता, मग कंपनी कमावते कशावर?* तुम्हाला विकल्या जाणाऱ्या मालावर. त्यात वाईट काही नाही. अमूल आपल्या पार्लरवाल्यांकडून रॉयल्टी घेत नाही, त्यांचा सगळा व्यवहार मालावर चालतो. फक्त माल कंपनीकडूनच घ्यायची सक्ती असेल तर आजचा दर आणि दरवाढीचा नियम दोन्ही लेखी मागा. पाव, तेल, पॅकिंगचे डबे असा लक्ष्मीपुरीत मिळणारा मालही त्यांच्याकडूनच घ्यायचा का, हे विचारा.

*हद्द कुठली?* "कोल्हापूर तुमचंच" हे तोंडी सांगणं कामाचं नाही. शहर की जिल्हा? राजारामपुरीत तुम्ही असताना शाहूपुरीत दुसरा येऊ शकतो का? इचलकरंजीचं काय? आणि स्विगी-झोमॅटोवर तीन किलोमीटरवर त्याच नावाचं क्लाउड किचन (बसायची सोय नसलेलं, फक्त घरपोच ऑर्डरचं स्वयंपाकघर) उघडलं तर ते हद्दीत धरायचं की नाही?

आता आपल्या गावापुरता प्रश्न, आणि मला तो सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. महापुराचं काय? ऑगस्ट २०१९ मध्ये आणि परत जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या पुरानं शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. व्हीनस कॉर्नरला पाणी आलं. ज्यांचा माल पुण्याच्या सेंट्रल किचनमधून फ्रोझन गाडीनं येतो, त्यांचं दुकान पाण्यात नसलं तरी फ्रीज रिकामा. म्हणून स्टॉलवर सरळ विचारायचं: रस्ता बंद झाला तर माल स्थानिक घ्यायला परवानगी आहे का? त्या दिवसांची किमान रॉयल्टी माफ होते का? बेळगाव किंवा हुबळीकडून पुरवठ्याची सोय आहे का? पाणी दुकानात शिरलं तर मशिनरी बदलायला मुदत किती? दिल्ली-गुरुग्रामच्या माणसाला हा प्रश्न नवा असतो. तो गोंधळला तर हरकत नाही, "विचारून सांगतो" म्हणाला तर चांगलंच. "असं काही होत नाही हो" म्हणणाऱ्याला आपलं गाव माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची इच्छाही नाही.

६. सत्काराच्या कार्यक्रमाला थांबा

मोठ्या मेळाव्यात संध्याकाळी पुरस्कार असतात. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह, फेटा, मागं पडद्यावर चित्रफीत. कोल्हापूरकर गाडी गाठायच्या घाईत नेमके तेव्हाच निघतात. थांबा. दिवसभरात मिळाली नसेल अशी माहिती तिथं मिळते, कारण व्यासपीठावर प्रत्यक्ष दुकान चालवणारी माणसं येतात.

आधी पुरस्कार कशाबद्दल आहे ते नीट ऐका. "सर्वाधिक विक्री", "सर्वात जलद विस्तार", "सर्वोत्कृष्ट फ्रँचायझी" यांतल्या पहिल्या दोहोंचा नफ्याशी थेट संबंध नाही. विक्री जास्त असलेल्या दुकानाचं भाडंही जास्त असू शकतं. कंपनीच्या स्वतःच्या वार्षिक मेळाव्यात तर पुष्कळदा जो जास्त माल उचलतो त्याला ढाल मिळते. निकष जाहीर केला नाही तर आयोजकांना विचारा, ते सांगतात.

मग जेवणाच्या रांगेत त्या माणसाला गाठा. पुण्यातल्या एका कार्यक्रमात फेटा बांधलेले, ढाल काखेत धरलेले एक गृहस्थ पुलावाच्या भांड्यापाशी माझ्यापुढं उभे होते. अभिनंदन केलं आणि विचारलं, "काका, पहिल्या वर्षी घरातून किती घालावे लागले?" त्यांनी ताट खाली ठेवलं. म्हणाले, "हे शील्ड विक्रीचं आहे. पहिलं वर्ष आमचं घर मंडळींच्या पगारावर चाललं. दुसऱ्या वर्षी जागा बदलली, तेव्हा दुकान उभं राहिलं." कंपनीच्या पडद्यावर त्यांचं हसतं चित्र सुरूच होतं, जागा बदलल्याचा त्यात उल्लेख नव्हता. त्यांनी मला नंबर दिला, जागा कशी निवडायची ते पुढं फोनवर समजावलं. यशस्वी माणूस सहसा मोकळेपणानं बोलतो. फक्त कंपनीचा प्रतिनिधी शेजारी नसताना विचारा.

त्यांना विचारायच्या गोष्टी: घरातून घातलेले पैसे कधी थांबले, माल वेळेवर येतो का, तक्रार केली तर फोन कोण उचलतं, कामगार टिकतात का, आणि आज परत हाच ब्रँड घ्याल का. शेवटच्या प्रश्नाला माणूस किती वेळ घेतो तेही बघा.

याच लोकांकडून बंद पडलेल्या दुकानांचीही माहिती काढा. सोलापूरचं, सांगलीचं, साताऱ्याचं आउटलेट का बंद झालं, हे ब्रँडवाला सांगणार नाही. शेजारच्या जिल्ह्यातला फ्रँचायझीवाला सांगतो.

७. तिथं एक रुपयाही द्यायचा नाही

"आजच्या दिवसापुरती फी निम्मी", "कोल्हापूरसाठी एकच जागा उरलीय, मागं सांगलीचे पाहुणे थांबलेत". ही वाक्यं तुम्हाला ऐकायला मिळतील. टोकन पंचवीस हजारांचं असो की एकवीसशेचं, देऊ नका. टोकनच्या पावतीवर बारीक अक्षरात "परत मिळणार नाही" असं छापलेलं असतं. पॅन-आधारच्या प्रतीही देऊ नका, सही केलेला कोरा अर्ज तर नाहीच नाही. चांगला ब्रँड पंधरा दिवस थांबतो. त्यालाही तुमची जागा पाहायची असते.

मेळाव्यानंतर फोन येऊ लागतात, तेव्हाही सावध राहा. नामांकित ब्रँडच्या नावानं खोटी संकेतस्थळं काढून नोंदणी फी उकळणाऱ्या टोळ्या आहेत, आणि अमूलसारख्या संस्थांना त्याबद्दल जाहीर इशारे द्यावे लागलेत. पैसे कुठल्याही व्यक्तीच्या नावावर किंवा यूपीआय नंबरवर मागितले तर तिथंच थांबा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवायची शक्यता जास्त.

८. घरी आल्यावर तपासणी

यातलं बरंचसं घरबसल्या आणि फुकट होतं.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका. स्थापना कधी, भांडवल किती, वार्षिक विवरणपत्रं भरलीत का, ते दिसतं. "पंधरा वर्षांचा ब्रँड" म्हणवणारी कंपनी दोन वर्षांपूर्वीची निघाली तर कारण विचारा. कधी खरंही असतं, जुनी भागीदारी नंतर कंपनी झालेली असते.

जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून चालू आहे की रद्द झालाय, ते पाहा.

मग ट्रेडमार्क. तुम्ही पैसे मोजताय ते नावासाठी, तेव्हा नाव त्यांचं आहे की नाही हे आधी बघायला हवं. फलकावर "टीएम" कुणालाही लिहिता येतं. गोलातला "आर" नोंदणी झाल्यावरच लावता येतो. ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर सार्वजनिक शोध आहे. रेस्टॉरंट सेवा वर्ग ४३ मध्ये, चहा-कॉफी आणि बेकरीचे पदार्थ वर्ग ३० मध्ये, शिक्षण वर्ग ४१ मध्ये येतं. ज्या धंद्याची फ्रँचायझी घेताय त्याच वर्गात नोंद आहे का आणि अर्जावर कुणाचा आक्षेप आहे का, ते पाहा. नोंदणी दहा वर्षांची असते, नंतर नूतनीकरण लागतं. मुदत संपत आली असेल तर तेही विचारा.

शेवटी प्रत्यक्ष दुकानं. कंपनीनं दिलेल्या यादीतली नकोत, तुम्ही निवडलेली. मंगळवारी दुपारी जा. रविवारी संध्याकाळी कुठलंही दुकान भरलेलं दिसतं.

९. करार

आपल्या देशात फ्रँचायझीसाठी वेगळा कायदा नाही. कंपनीनं तुम्हाला अमुक माहिती आधी दिलीच पाहिजे, अशी सक्ती करणारा खास नियम नाही. सगळा डोलारा १८७२ च्या करार कायद्यावर आणि कागदावर जे लिहिलंय त्यावर उभा असतो. म्हणून मसुदा मागवून घ्या आणि कोल्हापुरातल्या वकिलाकडून वाचून घ्या. त्याची फी वाचवू नका.

मी दोन कलमं आधी बघतो. पहिलं, वाद कुठं सोडवायचा. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं, केवढी वर्षं त्यासाठी लढा चालला. पण करारात "लवाद दिल्लीत, न्यायक्षेत्र दिल्ली" लिहिलं असेल तर डिपॉझिटच्या दोन लाखांसाठी तुम्हाला दिल्लीच्या वाऱ्या कराव्या लागतील. हे कलम बदलून मागा. मोठ्या कंपन्या सहसा ऐकत नाहीत, मधल्या ऐकतात.

दुसरं, मुदतींचा मेळ. फ्रँचायझी पाच वर्षांची आणि गाळ्याचा लिव्ह अँड लायसन्स तीन वर्षांचा, हे नेहमी घडतं. चौथ्या वर्षी मालकानं भाडं दुप्पट केलं तर फर्निचरसकट तुम्ही अडकलात. दोन्ही मुदती जुळवा, आणि गाळ्याच्या कराराची नोंदणी कराच, ती कायद्यानं सक्तीची आहे.

बाकी बाहेर पडायची अट, डिपॉझिट परतीची तारीख, दुकान दुसऱ्याला विकायची परवानगी, नूतनीकरणाची फी आणि "करार संपल्यावरही तोच धंदा करायचा नाही" हे कलम वकिलाला खूण करून दाखवा. शेवटच्या कलमावर करार कायद्याच्या कलम २७ चा (धंदा करण्यापासून अडवणाऱ्या अटींबद्दलचा) मुद्दा येतो, तो वकील नीट सांगेल.

कर्जासाठी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी करा. मराठा समाजातल्या तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील महामंडळाची व्याज परतावा योजना आहे. तुमचा धंदा आणि तुमचा ब्रँड त्यात बसतो का हे गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी विचारून घ्या.

१०. उद्या तुमचा सत्कार ठरला तर

दुकान चाललं की वर्ष-दोन वर्षांत फोन येतो: "अभिनंदन, आपली उद्योगरत्न पुरस्कारासाठी निवड झाली आहे." मग नोंदणी शुल्क, टेबलाचं बुकिंग, पुरवणीत पानभर जाहिरात. पैसे भरून मिळणारा पुरस्कार घ्यायचा की नाही, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी घेऊ नका म्हणेन. त्या पैशांत कामगारांना दिवाळीचा चांगला बोनस होतो.

खरा सत्कार कसा असतो ते आपल्या गावानं बघितलंय. गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रोडवर हॉटेल काढलं, तेव्हा दलिताच्या हातचा चहा प्यायला लोक तयार नव्हते. शाहू महाराज स्वतः गाडी थांबवून तिथं चहा प्यायचे, बरोबरच्यांनाही पाजायचे. उद्योजकाला राजानं गिऱ्हाईक मिळवून दिलं. कुठल्याही संस्थेनं तुम्हाला बोलावलं तर माझी कसोटी हीच असते: या कार्यक्रमानं माझ्या दुकानात चार माणसं जास्त येतील का, किंवा माझ्यामुळं एखाद्या नवख्याला वाट सापडेल का?

आयोजकांना चार गोष्टी विचारा. निवड समितीत कोण आहे, निकष काय, मागच्या वर्षीचे मानकरी कोण, आणि कुठल्याही नावानं शुल्क आहे का. मागच्या वर्षीच्या एखाद्या मानकऱ्याला फोन करा.

स्वतःहून अर्ज करायचा असेल तर लघुउद्योजकांसाठी जिल्हा उद्योग केंद्रामार्फत दिला जाणारा जिल्हा पुरस्कार आहे. तो मुख्यतः उत्पादन करणाऱ्यांसाठी, त्यामुळं नुसत्या विक्रीच्या दुकानाला नियम लावून बघावे लागतील. अशा अर्जांसाठी उद्यम प्रमाणपत्र, शॉप ॲक्टचा कागद, खाद्यधंदा असेल तर अन्न परवाना, मागच्या वर्षांचे ताळेबंद, आयकर आणि जीएसटी विवरणपत्रं, कामगारांची यादी आणि पीएफ लागू असेल तर त्याची चलनं एका फाइलमध्ये पहिल्या दिवसापासून लावत जा. कामगारांची यादी करताना त्यांची पूर्ण नावं लिहा. सत्काराला उभे राहाल तेव्हा भाषणात तीच नावं घ्यायची आहेत.